बास्योड्याच्या ताटाखालचा डबा

बकऱ्याच्या हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. ओली असताना ती शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी चमकते, आणि बोटांत धरू गेले तर भिजलेल्या रेशमासारखी निसटते. माझे वडील महाविद्यालयात मराठी कविता शिकवत. आमच्या घरी हृदय हा शब्द मिठासारखा रोजच्या वापरातला होता. परंतु हृदयाला वेष्टन असते, त्या वेष्टनाला मंद, किंचित लोखंडी वास असतो, आणि साबणाने हात धुतले तरी तो नखांच्या मुळाशी रेंगाळतो, हे मला कोणत्याही कवितेने सांगितले नव्हते. ते मी जयपूरला शिकले.

नवे शतक नुकतेच सुरू झाले होते. पती बँकेत अधिकारी. त्यांची बदली आदर्श नगरच्या शाखेत झाली, आणि घर मात्र मिळाले शहराच्या दुसऱ्या टोकाला, वैशाली नगरमध्ये. रोज सकाळी ते स्कूटरवरून सबंध शहर ओलांडत आणि संध्याकाळी भुवयांवर धूळ घेऊन परतत. माझ्यापाशी रसायनशास्त्राची पदवी होती आणि दिवस मोकळे होते. एका संशोधन संस्थेत मला साहाय्यक म्हणून तात्पुरते काम मिळाले.

काम असे होते. शस्त्रक्रियेनंतर शरीराच्या आतले नाजूक, ओले भाग टाके न घालता जोडता यावेत, यासाठी एक गोंद तयार करायचा. जिलेटिनचे कोमट द्रावण, त्यात प्रकाशाला जागे होणारे एक द्रव्य, आणि वरून निळा प्रकाश, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसल्या दिव्याचा. प्रकाश पडला की द्रावण थिजून घट्ट होई. ते पाहताना मला दर वेळी नवल वाटे. आजवर माझ्या अनुभवाला उन्हाने वस्तू विटतात, पडद्यांचे रंग उडतात, एवढेच होते. इथे प्रकाश वस्तूला आकार देत होता. आमच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता आणि आत फक्त एक लाल बल्ब जळे. त्या लाल अंधारात मला बाहेरच्या राजस्थानी उन्हाची आठवणसुद्धा राहत नसे.

गोंद घट्ट होई, पण धरून ठेवीत नसे. बकऱ्याच्या हृदयावरच्या त्या पिशवीच्या, म्हणजे पडद्याच्या, दोन पट्ट्यांची टोके एकावर एक ठेवून, मध्ये गोंद लावून, वर निळा प्रकाश दाखवून आम्ही त्या एका यंत्रात अडकवीत असू. यंत्र दोन्ही बाजूंनी सावकाश ओढू लागे. थोड्याच वेळात जोड सुटे, आणि गोंदाचा थर दुधावरची साय उचलावी तसा अखंड निघून येई. गोंद तुटत नसे, पडदा फाटत नसे. दोघे नुसते एकमेकांपासून वेगळे होत. ओल्या पडद्यावरचे पाणी त्यांच्यामध्ये उभे राही.

आमच्या प्रमुख बाई होत्या. त्यांना सगळे नुसते 'मॅडम' म्हणत. पंजाबी, उंच, आवाज हळू. सुरुवातीच्या महिन्यांत एकदा मी आनंदाने त्यांच्याकडे धावले होते, कारण यंत्राने फार मोठा आकडा दाखवला होता. जोड सुटतच नव्हता. मॅडमनी सुटलेला नव्हे, तर तसाच राहिलेला तो तुकडा चिमट्याने उचलला, गालाला लावावा इतका जवळ नेला आणि विचारले, "ये सूखा क्यों है?"

मी पट्ट्या कापून त्यांच्यावर ओले फडके टाकायला विसरले होते. जयपूरच्या कोरड्या हवेने पडदा कागदासारखा करून टाकला होता, आणि कोरड्या कागदावर काय, कोणताही गोंद बसतो. मॅडम रागावल्या नाहीत. "मरीज़ अंदर से सूखा नहीं होता, भई," एवढेच म्हणाल्या, आणि खोलीतली संशोधक मुले हसली. माझे कान तापले. त्या दिवसापासून ओल हा माझा ध्यास झाला. पडदा ताजा हवा, ओला हवा, थंड हवा, पण गोठता कामा नये. गोठला की त्याचे धागे आतून तुटतात आणि मग मोजमाप खोटे ठरते.

कित्येक सुटलेले थर मी भिंगाखाली पाहिले. गोंदाची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत असे. पडद्याच्या धाग्यांचा एकही ठसा तिच्यावर उमटलेला नसे. एका दुपारी ते बघता बघता मला वाटले, हा गोंद पडद्याला भेटलाच नाही. आम्ही घाई करत होतो. गोंद लावला की लगेच दिवा. द्रावण धाग्यांमध्ये मुरण्याआधीच प्रकाश त्याला बांधून टाकी. मी मॅडमना म्हटले, आधी पाणी टिपून पातळ द्रावणाचा एक हात द्यावा, अंधारात त्याला मुरू द्यावे, मग त्यावर दाट थर, वरून हवा लागू नये म्हणून पारदर्शक कागद, आणि त्यानंतरच दिवा. हवा लागली की वरचा पापुद्रा चिकट, अर्धवट राही, हे आम्हांला आधीच कळले होते.

"करके देखो," मॅडम म्हणाल्या. "पर एक ही झिल्ली के दो हिस्से करो. आधे पर पुराना तरीका, आधे पर तुम्हारा. नहीं तो कोई मानेगा नहीं।"

होळी होऊन आठवडा उलटत आला होता. संस्थेचा माणूस शहरातल्या खाटकाकडून ताजी पिशवी बर्फाच्या पेटीत घेऊन आला. मी तिचे दोन भाग केले. पहिल्या भागावर जुनी पद्धत करून झाली, आकडे नेहमीसारखेच लाजिरवाणे आले, आणि दुसऱ्या भागाला हात लावणार तोच इमारतीतले दिवे गेले. आमच्या बाजूच्या तारा बदलायच्या होत्या. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती. फ्रिज बंद, दिवा बंद, यंत्र बंद.

"झिल्ली सँभालो," मॅडम जाता जाता म्हणाल्या. कशी, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. बर्फ रात्रभर टिकला नसता, आणि टिकला असता तर पडदा कडेने गोठला असता. दुसरी पिशवी आणली तर तुलनाच राहिली नसती. मी तो अर्धा भाग मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या जाळीदार कापडात गुंडाळला, प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवला, ती डबी माझ्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, डब्याची कडी लावली आणि घरी आणली. फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला. पतींना म्हटले, "ऑफिसचं सामान आहे, हात लावू नका." ते वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी हुंकार दिला.

आता अम्माजींविषयी सांगायला हवे. त्या आमच्या घरमालकीणबाई. खालच्या मजल्यावर एकट्या राहत. मुलगी जवळच, दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. घर दाखवताना त्यांनी आमच्याकडे एकच चौकशी केली होती.

"अंडा-वंडा?"

"नहीं, अम्माजी। हम शाकाहारी हैं," मी सांगितले.

"प्याज-लहसुन?"

पती खाली बघत म्हणाले, "वो तो... खाते हैं।"

"चलो, इत्ता तो निभा लेंगे," असे म्हणून त्या हसल्या होत्या आणि किल्ली माझ्या हातात दिली होती. माझ्या बोलण्यात खोटे काही नव्हते. आम्ही खरोखरच शाकाहारी होतो. पण त्या दिवशी स्टीलचा डबा फ्रिजमध्ये सरकवताना मला ती किल्ली तळहातावर पुन्हा जाणवली, थंड आणि जड, आणि मी दार जरा जोरातच लावले.

अम्माजींच्या नातवाला, मुलीच्या तान्ह्या बाळाला, हिवाळ्यात 'माता' निघाली होती, म्हणजे कांजिण्या आल्या होत्या. अंगभर फोड, ताप, डोळे चिकटलेले. अम्माजी तेव्हा कडुनिंबाचा डहाळा घेऊन दिवसरात्र त्याच्यापाशी बसल्या होत्या आणि बोलल्या होत्या की पोर उठले तर बास्योड्याला त्याला घेऊन चाकसूला शीतळामातेच्या डोंगरीवर येईन, माझ्या हातच्या रांधलेल्या अन्नाचा भोग घेऊन. पोर उठले. गालावर एक खळगा राहिला, तोही हसताना गोड दिसे.

बास्योडा म्हणजे शिळ्याचा सण. आमच्याकडे शिळा सप्तमी श्रावणात येते. इथे ती होळीनंतर येते आणि तिचे प्रस्थ फार मोठे. आदल्या दिवशी सगळे रांधून ठेवायचे: पुए, पकौड्या, राबडी, आणि दह्यात कालवलेला गोड भात, त्याला ओलिया म्हणतात. दुसऱ्या दिवशी घरात विस्तव पेटवायचा नाही. चहासुद्धा नाही. देवीला थंड अन्न प्रिय. ते तिला दाखवायचे, मग सगळ्यांनी तेच खायचे.

त्या संध्याकाळी जिन्यातून तुपात तळल्या जाणाऱ्या पुयांचा वास वर येत होता, बडीशेपेचा, गुळाचा. मी भाजी आणायला बाजारात गेले. परतले तेव्हा पती टीव्हीसमोर होते, आणि मी दमलेली होते. भाजी ओट्यावरच राहिली, फ्रिज मी उघडलाच नाही.

सकाळी दूध घ्यायला फ्रिजचे दार उघडले. थंड हवेबरोबर वेलचीचा आणि दह्याचा मंद गोड वास चेहऱ्यावर आला. खालच्या कप्प्यात पितळेचे एक मोठे ताट होते, वर पांढरे स्वच्छ मलमल. मलमलीच्या एका कोपऱ्याखालून ओलियाची वाटी दिसत होती, तिच्यावर केशराचा पिवळा थेंब पसरलेला. आणि त्या ताटाच्या बरोबर मध्याखाली, देवघरातल्या चौरंगासारखा, माझा स्टीलचा डबा होता.

पती आरशासमोर दाढी करत होते.

"अहो, हे ताट कोणी ठेवलं?"

"मी. काल तू बाजारात गेलीस ना, तेव्हा अम्माजी आल्या. त्यांचा फ्रिज बसलाय. म्हणाल्या, ओलिया आंबेल. मी म्हटलं, आमच्याकडे ठेवा की."

"आणि खाली?"

"डुगडुगत होतं ताट. मग तुझा तो डबा लावला खाली. कसं छान बसलंय बघ!"

त्यांच्या आवाजात एक छोटासा अभिमान होता. मी म्हटले, "त्या डब्यात बकऱ्याचं आहे हो."

वस्तरा गालावर थांबला. "म्हणजे? मटण?"

"मटण नव्हे. हृदयावरचा पडदा."

"आपल्या फ्रिजमध्ये? दुधाच्या शेजारी?" साबणाच्या फेसातून त्यांचे डोळे मोठे दिसत होते. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "मतलब... डबा बंद आहे ना?"

"आहे."

"घट्ट?"

"आत आणखी एक डबी आहे. तीही घट्ट."

"मग झालं तर. गप्प बस. सांगून काय करशील? आज त्या गॅस पेटवणार नाहीत. नवं करता येणार नाही. त्या बाईनं नवस बोललाय, बस पकडायचीय त्यांना. तू सांगितलंस की सगळंच गेलं."

ते चुकीचे बोलत नव्हते. माझे शास्त्रही तेच सांगत होते: दोन झाकणे, दोन भिंती, इकडचा कणही तिकडे जाणार नाही. मोजता येईल असे काहीच घडले नव्हते. मी फ्रिजसमोर उकिडवी बसले होते, थंडी पोटऱ्यांना लागत होती, आणि मनात एकच चित्र येत होते: अम्माजी ते ताट डोक्यावर घेऊन डोंगरी चढताहेत, बाळ मुलीच्या कडेवर, आणि त्यांना ठाऊक नाही. देवीचे काय ते मला ठाऊक नव्हते. मी तेवढी श्रद्धाळू नव्हते. परंतु ज्या बाईने माझ्या एका शब्दावर किल्ली दिली, तिला मी आंधळेपणी चढू देणार होते की नाही, एवढाच प्रश्न उरला. तो शास्त्राचा नव्हता.

जिन्यावर पैंजणांचा आवाज आला. अम्माजी सणाला पैंजण घालत. "बीनणी, ला मेरी थाळी! गाड़ी निकल जाएगी!" त्या दारातूनच म्हणाल्या; बीनणी म्हणजे सूनबाई, मला त्या तसेच म्हणत. पिवळी लहरिया नेसलेल्या, कपाळावर ओले कुंकू. मी ताट उचलले, पण पुढे केले नाही.

"अम्माजी, ये मत ले जाइए।"

"क्यूँ, खट्टा हो गया?" त्यांनी पुढे होऊन मलमल वर केली आणि वास घेतला. त्यांचा चेहरा उजळला. "ना ना, एकदम ठीक है।"

"ठीक है। पर नीचे जो डिब्बा था... उसमें मेरे काम की चीज़ है। बकरे की।"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग फ्रिजकडे, मग न्हाणीघराच्या दारात फेस लावून उभ्या राहिलेल्या माझ्या पतींकडे. पती आत गेले.

"खाने की?"

"नहीं, अम्माजी, खाने की नहीं। चिपकाने की।"

"बकरे ने चिपकावे है तू?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही दोघी हसलो असतो. मी समजावू लागले: माणसाच्या पोटातले, छातीतले जे फाटते ते जोडण्यासाठी, टाके लागू नयेत म्हणून, आधी बकऱ्याच्या पडद्यावर करून पाहायचे. माझी हिंदी त्या सकाळी फार लुळी पडली. माणसाचे प्राण वाचावेत म्हणून मी ते करते, असे मी म्हणत होते, आणि म्हणताना मला माझाच आवाज एखाद्या भाषणातल्यासारखा ऐकू येत होता. अम्माजींनी ते पुरते ऐकले. त्यांनी मान हलवली, कामाविरुद्ध त्यांचे काही म्हणणे नव्हते. त्या ताटाकडे पाहत होत्या. पहाटेपासून उपाशी असलेल्या त्यांच्या ओठांना कोरड पडलेली मला दिसत होती.

"पहले बता देती," त्या शेवटी म्हणाल्या. रागाने नाही. रागाने म्हटले असते तर मला कुठेतरी आडोसा मिळाला असता.

मग त्या म्हणाल्या, "एक खाली भगोना दे। और चल मेरे साथ।"

मी रिकामे पातेले घेतले. ते माझ्या हातून घेताना त्यांनी आत एकवार नजर टाकली, मग ते परत माझ्या हाती दिले आणि म्हणाल्या, "रहने दे। अपना लेती हूँ।" खाली जाऊन त्यांनी स्वतःचे पातेले आणले. ते मी पाहिले न पाहिल्यासारखे केले.

आम्ही समोरच्या घरी गेलो. त्या घरच्या बाई आणि अम्माजी यांच्यात पुयांची स्पर्धा असे. कोणाचे पुए जास्त मऊ, यावर वर्षभर टोमणे चालत. त्या बाई दारात आल्या, हातात कुंकवाची वाटी.

अम्माजींनी पातेले पुढे धरले. "म्हारो फ्रिज खराब हो गयो। सगळो खट्टो हो गयो। मातारानी ने चढ़ावा जित्तो दे दे।"

"आपका? खट्टा?" त्या बाईंना हसू आवरेना. "रात को बाहर रख दिया था क्या? मुझसे कहतीं, मैं मेरे फ्रिज में रख लेती। इत्ता बड़ा मकान, किराया आता है, और फ्रिज वोही पुराना!"

"गलती हो गई," अम्माजी म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे उभी होते. त्या दोन शब्दांत त्या वर्षभराची स्पर्धा हरल्या, आपल्या हातच्या अन्नाची कीर्ती हरल्या, आणि देवीच्या दिवशी, तिच्या दारी जायला निघालेल्या असताना, त्या खोटे बोलल्या. माझ्यासाठी. समोरच्या बाईंनी पुए घातले, ओलिया घातला, वर एक पकौडी अधिक घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम ही ध्यान रखा करो, बेटा, अम्माजी अब बूढ़ी हो गई हैं।" मी मान हलवली. ती कशी हलली, मला कळत नाही.

रस्त्यावर आल्यावर अम्माजी थांबल्या. "आज के दिन झूठ बोली हूँ। वो मैं माता से निपट लूँगी," त्या म्हणाल्या. "किसी को बताना मत। गली में रहना है तुमको।"

"और वो थाली, अम्माजी?"

"तुम लोग खा लेना। तुम्हारे यहाँ तो चलता होगा।"

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. अन्न वाया जाऊ नये एवढेच त्यांच्या मनात होते. पण ते 'तुम्हारे यहाँ' मला आत कुठेतरी लागले. 'आमच्याकडेही नाही चालत,' असे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. आमच्या आजोळचे सोवळे, आईचे ओले पातळ, सगळे एकदम साक्षीला धावून आले. त्या क्षणी, त्या बाईचा नवस माझ्यामुळे उसन्या अन्नावर आलेला असताना, मला माझी जात आणि माझे सोवळे आठवले. ते आठवले म्हणून मला जितकी लाज वाटली, तितकी डब्याचीसुद्धा वाटली नव्हती.

त्या गेल्या. मुलगी बाळाला घेऊन कोपऱ्यावर उभी होती. बाळाच्या डोक्यावर लाल टोपडे होते.

आम्ही त्या दिवशी गॅस पेटवला नाही. पतींनी चहाशिवाय कामावर जाताना ताटातले दोन पुए उभ्याने खाल्ले आणि म्हणाले, "चांगले झालेत हो." मी ओलिया खाल्ला. थंड, आंबटगोड, शितांमध्ये केशराचा वास मुरलेला. तो इतका उत्तम होता की मी वाटी अर्ध्यावरच खाली ठेवली.

दुपारी वीज आली. मी डबा संस्थेत नेला. लाल बल्बच्या उजेडात पट्ट्या कापल्या, पाणी टिपले, पातळ द्रावणाचा हात दिला आणि थांबले. अंधारात मुरू देण्याचा तो वेळ माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब वेळांपैकी एक होता, कारण करण्यासारखे काही नव्हते आणि विचार करण्यासारखे एकच होते. मग दाट थर, वर पारदर्शक कागद, मग निळा दिवा. चष्म्याच्या नारिंगी काचांतून तो निळा प्रकाश विझत्या निखाऱ्यासारखा दिसे.

यंत्राने ओढायला सुरुवात केली. जोड सुटला नाही. यंत्र ओढत राहिले. पट्टी ताणली, पारदर्शक झाली, आणि मग फाटली. जोडावर नव्हे, जोडाच्या बाजूला, पडद्याच्या स्वतःच्या अंगात. दुसरी पट्टी तशीच. तिसरी जोडावर सुटली, पण अर्धा गोंद या बाजूला राहिला आणि अर्धा त्या बाजूला, आणि भिंगाखाली त्याच्या पोटावर धाग्यांची नक्षी उमटलेली होती. मॅडमनी तुकडा चिमट्याने धरला, बोट लावून पाहिले.

"गीला है," त्या म्हणाल्या, आणि प्रथमच माझ्याकडे पाहून हसल्या. "अब हुआ।"

मला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. महिनोन्महिने मी याच क्षणाची वाट पाहिली होती. आणि तो आनंद ज्या डब्यातून आला होता त्या डब्यावर सकाळी दुसऱ्या कोणाचे महिनोन्महिने ठेवलेले होते. मुले म्हणत होती, मिठाई मागवा. मी म्हटले, आज नको, आज बास्योडा आहे. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही, उलट एक जण म्हणाला, "वाह, दीदी पूरी जयपुर वाली हो गईं!"

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा अम्माजी परतल्या होत्या. पायांवर धूळ, लहरियाचा पदर चुरगळलेला. जत्रेतून बाळासाठी घेतलेली कागदी चक्री अंगणात पडली होती. मी जिना चढत होते. त्यांनी हाक मारली आणि द्रोणात प्रसाद घेऊन जिन्याच्या पायथ्याशी आल्या. समोरच्या घरचा ओलिया, देवीला दाखवून आलेला. मी दोन्ही हात पुढे केले, आणि पुढे करताना मला नखांच्या मुळाशी तो लोखंडी वास असेल असे वाटले. मी हात किंचित मागे घेतले. त्यांनी ते पाहिले. त्यांनी द्रोण माझ्या हातात नीट बसेपर्यंत सोडला नाही.

"हो गया दर्शन?" मी विचारले.

"हो गया। भीड़ बहुत थी।" मग त्यांनी विचारले, "और तेरा? चिपका?"

मला वाटले, नाही म्हणावे. नाही म्हटले तर हिशेब थोडा तरी सारखा होईल. पण आज एक खोटे पुरे झाले होते.

"चिपका, अम्माजी।"

"अच्छा," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते की नुसता थकवा, अंधुक उजेडात मला ठरवता आले नाही. त्या वळल्या, आणि दोन पावले गेल्यावर मागे न बघता म्हणाल्या, "परसाद बाहर ही रखना, बीनणी। फ्रिज में मत धरना।"

मी द्रोण स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवला. पतींना यायला उशीर झाला, आणि मला एकटीला तो खाववेना. फाल्गुन सरत आला होता, रात्र उबदार होती. सकाळी त्या ओलियाला आंबूस वास सुटला होता, भाताची शिते सैल झाली होती. टाकून देणे शक्य नव्हते. आम्ही दोघांनी तो वाटून खाल्ला, आणि पती तोंड वाकडे करू लागले तेव्हा मी त्यांच्याकडे असे पाहिले असावे की त्यांनी वाटी चाटूनपुसून साफ केली.